सर्व्हर सर्व्हरला ब्लॉक का करतो आणि त्यात तुमचे फॉलोअर का उडतात

प्रश्न थोडक्यात असा आलाय: मॅस्टोडॉनवर (ट्विटरसारखंच, पण एका कंपनीऐवजी वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांचं नेटवर्क) दोन-तीन वर्षं झाली, एका मध्यम आकाराच्या सर्व्हरवर खातं आहे, परवा नोटिफिकेशन आलं की तुमच्या ॲडमिनने, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याने, अमुक एक सर्व्हर ब्लॉक केलाय आणि त्यामुळे तुमचे काही फॉलोअर आणि तुम्ही फॉलो करत होता ती काही माणसं गेली. कोणाशी भांडण नाही, कोणाची तक्रार नाही. तर मी काय केलं होतं, ही सेन्सॉरशिप नाही का, असंच असेल तर ट्विटर काय वाईट होतं, आणि गेलेली माणसं परत येतील का, असे चार प्रश्न.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो, कारण ते वाईट आहे आणि लांबवण्यात अर्थ नाही. आपोआप परत येणार नाहीत. तुमच्या ॲडमिनचं मन उद्या बदललं, त्याने ब्लॉक काढला, तरी तुटलेले फॉलो जोडले जात नाहीत, दोन्ही बाजूंनी एकेकाने परत फॉलो करावं लागतं. पहिल्याचं उत्तर: तुम्ही काहीही केलं नव्हतं. मधल्या दोन प्रश्नांचं उत्तर लांबलचक आहे. मी बरीच वर्षं एक लहान सर्व्हर चालवतो, त्याआधी नोकरीत मेल सर्व्हर सांभाळले, म्हणजे ब्लॉक करणारा म्हणून आणि ब्लॉक झालेला म्हणून, दोन्हीकडून शिव्या खाऊन झाल्यात. आणि इतक्या वर्षांनी माझं मत असं झालंय की बाहेरून बघताना ही सगळी भांडणं विचारांची वाटतात, पण आत बसलं की बहुतेक वेळा मुद्दा एवढाच असतो की घाण कोण उपसणार आणि त्याला हात किती आहेत.

आधी नक्की काय होतं ते बघा. मॅस्टोडॉनवर तुमची पोस्ट एकाच जागी पडलेली नसते. तुम्ही लिहिलंत की जिथे जिथे तुमचे फॉलोअर आहेत त्या प्रत्येक सर्व्हरच्या इनबॉक्समध्ये तुमचा सर्व्हर एक प्रत टाकतो (हे ज्या भाषेत चालतं ते ॲक्टिव्हिटीपब, जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, शिफारस म्हणून मान्य केलेलं) आणि समोरचा सर्व्हर ती प्रत, त्यातल्या फोटोसकट, स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेतो. हे फोटोचं लक्षात ठेवा, पुढे कायद्याच्या वेळी लागेल.

आता ॲडमिनच्या बाजूचा स्क्रीन. डोमेन ब्लॉकचा फॉर्म अगदी छोटा आहे. वर डोमेनचं, म्हणजे त्या सर्व्हरच्या पत्त्याचं, नाव टाकायचं. खाली तीव्रता निवडायची, त्यात काहीच नाही, लिमिट आणि सस्पेंड असे तीन पर्याय. त्याखाली टिक करायच्या चौकटी: मीडिया नाकारा, रिपोर्ट नाकारा, यादीत नाव अर्धवट झाकून दाखवा. मग दोन रकाने, एक खासगी शेरा जो फक्त मॉडरेटर टीमला दिसतो आणि एक जाहीर शेरा जो तुम्हाला दिसू शकतो. बहुतेक ॲडमिन जाहीर रकाना रिकामा सोडतात किंवा 'स्पॅम' असा एक शब्द टाकून मोकळे होतात, आणि लोकांचा निम्मा संताप तिथूनच सुरू होतो असं माझं स्पष्ट मत आहे. सस्पेंड निवडलं की नव्या व्हर्जनांमध्ये अजून एक पान मध्ये येतं आणि बजावतं की बाबा रे, त्या सर्व्हरवरच्या सगळ्या खात्यांचा मजकूर, फोटो, प्रोफाइल तुझ्याकडून पुसलं जाईल, फॉलो तुटतील. ते वाचून 'कन्फर्म' दाबायचं. तुमच्याकडे नेमकं हे झालंय.

लिमिट आणि सस्पेंड यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो बऱ्याच वापरणाऱ्यांना माहीतच नसतो. लिमिट केलं तर त्या सर्व्हरच्या पोस्ट सार्वजनिक टाइमलाइनवर दिसत नाहीत, तुम्ही ज्यांना फॉलो करत नाही त्यांचे मेन्शन तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, तिकडून कोणी फॉलो करायला आलं तर तुमची परवानगी लागते, पण आधीची जोडलेली माणसं जोडलेलीच राहतात. म्हणजे अनोळखी लोकांचा गोंगाट थांबतो आणि ओळखीच्यांचं बोलणं चालू राहतं. मीडिया नाकारलं तर पोस्ट येते, फोटो येत नाही. सस्पेंड म्हणजे सरळ तोडून टाकणं. आणि ज्या सर्व्हरला ब्लॉक केलं त्याला कसलीही नोटीस जात नाही, तिथल्या माणसाला फक्त जाणवत राहतं की अमुक जण हल्ली उत्तरच देत नाही. निदान आपल्या बाजूच्या लोकांना तरी कळावं म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ४.३ व्हर्जनपासून ते 'संबंध तुटले' नोटिफिकेशन येतं. त्याआधी हेही नव्हतं, फॉलोअरचा आकडा गुपचूप कमी व्हायचा आणि लोक महिनोन् महिने विचार करत बसायचे की आपण काय वावगं लिहिलं.

आता 'का'. इथे थोडा जुना इतिहास सांगतो कारण लोकांना वाटतं हे मॅस्टोडॉनचं खूळ आहे. आयआरसी, ती जुनी चॅटची व्यवस्था, आठवत असेल तर तिथे १९९० मध्येच हे होऊन गेलंय. बर्कली विद्यापीठात एरिस नावाचं एक मशीन होतं, त्याला कोणीही, पासवर्ड नसताना, स्वतःचा आयआरसी सर्व्हर जोडू शकायचा. व्हायचं काय की कोणीही येऊन सर्व्हर जोडायचा आणि चॅनेल बळकावायचा, लोकांना बाहेर फेकायचा, आणि बाकीच्या ॲडमिनना निस्तरत बसावं लागायचं. शेवटी १९९० च्या ऑगस्टमध्ये बाकीच्यांनी एरिसला क्वारंटाइन केलं, त्यासाठीची कॉन्फिगरेशनची ओळ क्यू-लाइन म्हणून ओळखली जायची, आणि नेटवर्कचे दोन तुकडे झाले. त्यातल्या एरिस नसलेल्या तुकड्याचं नाव पडलं एफनेट, म्हणजे एरिस-फ्री नेटवर्क, आणि ते आजही चालू आहे. एका सर्व्हरला ब्लॉक केल्यावर उरलेल्या नेटवर्कला त्या ब्लॉकवरूनच नाव पडलं, हे मला अजून मजेशीर वाटतं. मग १९९७ चा ऑगस्ट, यूजनेट, म्हणजे चर्चागटांचं जुनं नेटवर्क. यूयूनेट ही तेव्हाची बलाढ्य इंटरनेट कंपनी, तिच्या ग्राहकांकडून स्पॅमचा पूर यायचा आणि कंपनी लक्ष देईना, तेव्हा यूजनेटवरच्या स्वयंसेवकांनी तिच्याकडून येणारी प्रत्येक पोस्ट रद्द करायला सुरुवात केली. त्याला यूजनेट डेथ पेनल्टी म्हणायचे, नाव जरा जास्तच भडक आहे. पण आठवडाभरात कंपनी वठणीवर आली आणि शिक्षा मागे घेतली गेली. त्याच वर्षी मेलसाठी पहिली मोठी काळी यादी, आरबीएल, सुरू झाली, आणि आज तुमच्या जीमेलच्या स्पॅम फोल्डरमागे तीच कल्पना आहे, फक्त तिथे कोणी त्याला सेन्सॉरशिप म्हणत नाही.

या दोन्ही भांडणांत विचारसरणीचा काही संबंध नव्हता. दार उघडं, वॉचमन नाही, आणि त्रास शेजाऱ्यांना. अगदी हेच जून २०२३ मध्ये लेमीवर झालं. लेमी म्हणजे रेडिटसारखं, पण फेडरेशनवालं, म्हणजे मॅस्टोडॉनसारखंच स्वतंत्र सर्व्हर एकमेकांना जोडून चालणारं. रेडिटने एपीआयचे, म्हणजे बाहेरच्या ॲपना रेडिट वापरू देण्याचे, पैसे लावले, लोक चिडून लेमीवर आले, आणि लेमी डॉट वर्ल्डसारख्या सर्व्हरांनी रजिस्ट्रेशन पूर्ण खुलं ठेवलं. बीहॉ नावाचा सर्व्हर मात्र प्रत्येकाकडून अर्ज लिहून घ्यायचा, वाचून मग आत घ्यायचा, आणि त्यांच्याकडे मोजकेच ॲडमिन होते. त्यांनी लेमी डॉट वर्ल्ड आणि अजून एक मोठा सर्व्हर सरळ तोडला. कारणही लपवलं नाही, आमच्याकडे येणाऱ्या त्रासदायक लोकांतले बहुतेक या दोन ठिकाणांहून येतात, ते निस्तरायला आमच्याकडे माणसं नाहीत आणि सॉफ्टवेअरमध्ये याहून बारीक हत्यार नाही, असं साधारण म्हणणं. त्यावर केवढा गदारोळ झाला, बीहॉवाले शिष्ट आहेत, फेडरेशनच्या कल्पनेचे मारेकरी आहेत वगैरे. मला तर त्यातलं शेवटचं कारण सगळ्यात महत्त्वाचं वाटलं होतं, कारण लेमीत तेव्हा मॅस्टोडॉनच्या लिमिटसारखं मधलं काही नव्हतं, एकतर जोडलेले नाहीतर तोडलेले. करवत एकच असेल तर फांदीही तिनेच कापायची आणि पानही.

फेब्रुवारी २०२४ चं सांगतो, कारण ते मी जवळून बघितलं आणि तुमच्या सर्व्हरवर जे झालंय ते बहुधा याच जातीचं आहे. जपानमधल्या काही शाळकरी पोरांचं डिस्कॉर्डवरून आपापसात काहीतरी भांडण, त्यातून त्यांनी स्क्रिप्ट लिहून फेडिव्हर्सभर, म्हणजे या सगळ्या जोडलेल्या सर्व्हरांवर, स्पॅम सोडला. पोस्टमध्ये जपानी मजकूर, चार-पाच अनोळखी लोकांचे मेन्शन आणि बऱ्याचदा स्पॅम नावाच्या त्या डबाबंद मांसाच्या डब्याचा फोटो, म्हणजे विनोदबुद्धी होती पोरांना. खात्यांची नावं म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची खिचडी. हे मोठ्या सर्व्हरवरून येत नव्हतं, तिथे पहारा असतो. येत होतं ते कोणीतरी हौसेने सुरू करून विसरलेल्या लहान सर्व्हरांवरून, जिथे रजिस्ट्रेशन खुलं, ईमेल तपासणी नावापुरती, आणि ॲडमिनची शेवटची पोस्ट दोन वर्षांपूर्वीची. रिपोर्टचं पान उघडलं की वरून खाली तोच डबा. एक खातं सस्पेंड करेपर्यंत त्याच डोमेनवरून दुसरं. पाच-सहा खात्यांनंतर कोणताही माणूस खातं बघणं सोडतो आणि डोमेन बघायला लागतो, त्यात वाईटपणा कसला नसतो, वेळ संपलेला असतो.

मी त्या दिवसांत पद्धत अशी ठेवली होती की आधी लिमिट आणि मीडिया नाकारा, मग तिथल्या ॲडमिनला त्यांच्या अबाउट पानावरच्या पत्त्यावर मेल, आणि उत्तर आलं नाही, मेल बाउन्स झाला, की सस्पेंड. काही ॲडमिन खरंच जागे झाले, माफी मागितली, रजिस्ट्रेशन बंद केलं, त्यांचा लिमिट काढला, आणि लिमिटच असल्यामुळे कोणाचे फॉलो गेले नव्हते. पण हे करायला वेळ हवा. ज्या ॲडमिनची दिवसा नोकरी आहे आणि रात्री घरी लहान मूल आहे त्याने सरसकट सस्पेंड मारलं असेल तर मी त्याला दोष देणार नाही, फक्त नंतर यादी परत तपासायला हवी होती असं म्हणेन, आणि ती कोणीच तपासत नाही. मॅस्टोडॉनवाल्यांनी त्यानंतर लगेच सॉफ्टवेअरमध्ये बदल केला की मॉडरेटर बरेच दिवस फिरकलेच नाहीत तर खुलं रजिस्ट्रेशन आपोआप 'मंजुरीनंतर' या सेटिंगवर जातं. उशिरा का होईना, मूळ कारणावर घातलेला घाव तो हाच, बाकी सगळी मलमपट्टी.

आता सगळंच हमालीचं नसतं हे मान्य. गॅबचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेतलं अति-उजव्या लोकांचं ते अड्ड्यासारखं नेटवर्क, जुलै २०१९ मध्ये त्यांनी स्वतःचं सॉफ्टवेअर टाकून मॅस्टोडॉनचा कोड घेतला, लायसन्स मुक्त असल्यामुळे कोणी अडवू शकत नव्हतं. मग सर्व्हरांनी एकापाठोपाठ एक ब्लॉक केलं, बऱ्याच जणांनी तर एकही पोस्ट यायच्या आधी. काही ॲपवाल्यांनीही त्यात हात धुतले, टस्की नावाच्या अँड्रॉइड ॲपमध्ये गॅबचा पत्ता टाकला की लॉगिनऐवजी भलत्याच गाण्याचा व्हिडिओ उघडायचा. पुढच्या वर्षी गॅबने स्वतःच फेडरेशन बंद करून टाकलं. हा ब्लॉक विचारांवरचा होता, उघड होता, आणि त्याबद्दल मला दुमत नाही. त्याच्या उलट टोकाला रास्पबेरी पाय, छोटे स्वस्त कॉम्प्युटर बनवणारी कंपनी, डिसेंबर २०२२. कंपनीने पूर्वी पोलिसांसाठी छुप्या टेहळणीची साधनं बनवणारा एक माणूस घेतला, तशी पोस्ट टाकली, लोक चिडले, आणि कंपनीच्या खात्यावरून तिरकस उत्तरं गेली. बऱ्याच सर्व्हरांनी त्यांचा सर्व्हर ब्लॉक केला. मला विचाराल तर हे जास्त झालं, ज्याला नको त्याने वैयक्तिक ब्लॉक करावं, खाती तर मोजून एक-दोन होती तिथे. पण गर्दी तापलेली असते तेव्हा ॲडमिनही गर्दीतलाच एक असतो.

तिसरं कारण कायद्याचं, आणि यावर फार कमी बोललं जातं. एप्रिल २०१७ मध्ये पिक्सिव या जपानी कंपनीने पावू नावाचा सर्व्हर काढला आणि बघता बघता तो मॅस्टोडॉनमधल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक झाला. पिक्सिववर चित्रकारांची वस्ती, आणि तिथे लहान मुलांसारख्या दिसणाऱ्या पात्रांची अश्लील चित्रंही टाकली जायची. जपानने २०१४ मध्ये मुलांचे खरे अश्लील फोटो बाळगणं गुन्हा ठरवलं, पण मांगा-ॲनिमे, म्हणजे काढलेली कॉमिक्स आणि कार्टून, त्यातून वगळलं. बाकी अनेक देशांत काढलेलं चित्रही गुन्ह्यात येतं. आता मघाचं आठवा, समोरच्याचा फोटो आपल्या डिस्कवर उतरतो. म्हणजे पावूवर कोणीतरी चित्र टाकलं, आपल्या सर्व्हरवरच्या एकाने त्याला फॉलो केलेलं असलं, की ती फाइल मी न बघता माझ्या भाड्याच्या डिस्कवर, माझ्या नावाने. आपल्याकडे आयटी ॲक्टचं कलम ६७ब आहे, ते नुसत्या फोटोपुरतं नाही, डिजिटल चित्रं आणि मजकूरसुद्धा त्यात आहे, आणि गोळा करणं, डाउनलोड करणं हेही. 'माझ्या सॉफ्टवेअरने आपोआप केलं' हे कोर्टात सांगत बसायची माझी तरी तयारी नाही. म्हणून युरोपातल्या बऱ्याच सर्व्हरांनी तेव्हा पावूचा मीडिया नाकारला किंवा पूर्ण ब्लॉक केलं, 'मीडिया नाकारा' ही चौकट किती कामाची आहे ते तेव्हा कळलं. यात तिथे मांजरीची चित्रं काढणारे हजारो निरपराध लोकही तोडले गेले, आणि जपानी फेडिव्हर्स आणि पाश्चात्त्य फेडिव्हर्स यांच्यात जी भिंत तेव्हा पडली ती अजून पुरती गेलेली नाही.

आणि थ्रेड्स. फेसबुकवाल्या मेटाने जुलै २०२३ मध्ये ते ट्विटरसारखं ॲप आणलं, फेडरेशन जोडणार असं आधीपासून बोललं जात होतं, आणि ते सुरू व्हायच्या आधीच जूनमध्ये शेकडो ॲडमिननी फेडीपॅक्ट नावाच्या जाहीर प्रतिज्ञेवर सह्या केल्या की आला की ब्लॉक. मॅस्टोडॉन डॉट सोशलने ब्लॉक केलं नाही. डिसेंबरात चाचणी सुरू झाली. यात कंपनीवरचा अविश्वास होताच, गूगल टॉक या चॅटने २०१३ मध्ये एक्सएमपीपीकडे, म्हणजे वेगवेगळ्या चॅट सर्व्हरांना जोडणाऱ्या खुल्या भाषेकडे, पाठ फिरवली ते जुने लोक विसरलेले नाहीत. पण त्यातही हमाली आहेच, दोन स्वयंसेवक चालवतात असा सर्व्हर आणि समोर कोट्यवधी खाती, तिकडून एक टक्का जरी टोळधाड आली तरी संपलं. मी स्वतः लिमिटवर ठेवलंय, ज्यांना तिथल्या कोणाला फॉलो करायचंय ते करतात.

जे मला खरंच खटकतं ते आयात केलेल्या याद्यांचं. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या ४.१ मध्ये ब्लॉकची यादी सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल, म्हणून काढायची आणि घालायची सोय झाली. सोय चांगली आहे, नवा सर्व्हर काढणाऱ्याने पहिल्या दिवशी कुप्रसिद्ध सर्व्हर ब्लॉक करून ठेवावेत, मी तेच सांगतो. पण काही याद्या बनतात कशा, तर दहा-बारा सर्व्हरांच्या याद्या घ्यायच्या आणि त्यातल्या ठरावीक जणांनी ज्याला ब्लॉक केलंय तो आत. ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतं, पण त्या दहा-बारांनीही एकमेकांचं बघूनच ब्लॉक केलेलं असतं. फेडीब्लॉक हॅशटॅगवर कोणीतरी स्क्रीनशॉटसकट तक्रार टाकतो, कधी अगदी खरी आणि वेळेवर, कधी मोडलेल्या मैत्रीचा राग, आणि ती व्हॉट्सॅप फॉरवर्डसारखी फिरत यादीत जाऊन बसते, मूळ पोस्ट डिलीट झाली तरी यादीतलं नाव तसंच. त्यात कारणाचा रकाना रिकामा. मी एकदा अशाच एका यादीत स्वतःचं डोमेन नसल्याची खात्री करायला गेलो तर ओळखीच्या एका निरुपद्रवी सर्व्हरचं नाव सापडलं, यादी चालवणाऱ्याला कारण विचारलं तर त्यालाही सांगता येईना, त्याने काढून टाकलं. पण तोवर ज्यांनी ती यादी घेतली होती त्यांच्याकडे ते नाव राहिलंच असणार, कारण घालताना एक क्लिक लागतो आणि काढायला प्रत्येकाने स्वतः जाऊन काढावं लागतं.

सेन्सॉरशिपचं म्हणाल, तर त्या ब्लॉक झालेल्या सर्व्हरवरच्या कोणाचंही तोंड बंद झालेलं नाही. त्यांच्या पोस्ट तिथे आहेत, ब्राउझरमध्ये उघडल्या तर तुम्हालाही दिसतील. (उलट दिशेलाही, तुमच्या जाहीर पोस्ट त्यांना ब्राउझरमध्ये दिसतात. सर्व्हरने सुरक्षित मोड लावलेला असेल तर समोरच्या सर्व्हरला पोस्ट मागताना डिजिटल सही करून ओळख पटवावी लागते आणि ब्लॉक असलेल्याला ती मिळत नाही, पण वेब पान वाचायला सही लागत नाही. तेव्हा ब्लॉक झाला म्हणजे आता ते मला बघू शकत नाहीत अशा भ्रमात राहू नका, विशेषतः कोणी तुमच्या मागे लागलेलं असेल तर.) पण तुमचा राग चुकीचा आहे असंही मी म्हणणार नाही. तुमच्या माणसांबद्दलचा निर्णय तुम्हाला न विचारता तिसऱ्याने घेतला, हे खरं आहे. ट्विटरशी फरक इतकाच की इथे तो तिसरा माणूस बदलता येतो, फॉलोअर घेऊन दुसरीकडे जाता येतं. फरक लहान नाही, पण तो वापरला तरच आहे.

आणि आपण भारतीय लोक तो कमी वापरतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं, त्यानंतर नोव्हेंबरात आपल्याकडून लोंढा मॅस्टोडॉनवर आला, त्यात मराठी लिहिणारेही बरेच होते, आणि जवळपास सगळे एकाच ठिकाणी उतरले, जर्मनीतून चालणाऱ्या मॅस्टोडॉन डॉट सोशलवर. म्हणजे फेडरेशनच्या गावात येऊन परत एकाच वाड्यात. मे २०२३ मध्ये त्याच सर्व्हरवरून क्रिप्टोचा स्पॅम उसळला तेव्हा काही सर्व्हरांनी त्याला काही काळ लिमिट केलं, काहींनी तोडलं, आणि मराठीत सणवार, पाऊस, पुस्तकं यांवर लिहिणारी शांत माणसंही त्याच्यासोबत गेली. इंग्रजीत लिहिणाऱ्याला वीस फॉलोअर गेल्याने काही होत नाही, मराठीत एका हॅशटॅगवर मिळून पन्नास माणसं बोलत असतील तर त्यातली वीस जाणं म्हणजे गप्पाच बंद. शिवाय त्या मोठ्या सर्व्हरवर मराठीतली शिवीगाळ रिपोर्ट केली तर वाचणाऱ्याला मराठी येत नाही, तो भाषांतराच्या भरवशावर ठरवणार. आपल्या भाषेतले मॉडरेटर असलेले चार-पाच लहान सर्व्हर असते तर बरं झालं असतं, पण ते चालवायला परत तेच, हात लागतात, आणि रात्री अकराला डब्याचे फोटो पुसायला कोणाला हौस असते.

आता तुम्ही काय करायचं. आधी तुमच्या सर्व्हरचं अबाउट पान उघडा, तिथे ब्लॉक केलेल्या सर्व्हरांची यादी असते, काहींनी ती फक्त लॉगिन केलेल्यांना दाखवलेली असते तेव्हा लॉगिन करून बघा, आणि कारणाचा रकाना वाचा. मग सेटिंगमध्ये तुटलेल्या संबंधांचं पान आहे, तिथून गेलेल्या फॉलोअर आणि फॉलोइंगच्या सीएसव्ही उतरवून घ्या, हे आजच करा, कारण त्या सर्व्हरची माहिती तुमच्या सर्व्हरवरून पुसली जाते तशी ही यादीही अपुरी होऊ शकते. मग ॲडमिनला लिहा. जाहीर पोस्ट टाकून नको, तिथे त्याला बचावच करावा लागतो, मेल किंवा खासगी मेसेज. त्यात फेडरेशनचं तत्त्वज्ञान नको. असं लिहा की अमुक सर्व्हरवर माझे अमुक दोन-तीन जण आहेत, हे त्यांचे पत्ते, ही त्यांची पोस्ट, ब्लॉक स्पॅममुळे असेल आणि तो थांबला असेल तर लिमिटवर आणता येईल का. माझ्याकडे असे मेल आले की मी बहुतेक वेळा परत तपासतो, कारण समोर नाव असलेला माणूस असतो, आणि निम्म्या वेळा लक्षात येतं की तो सर्व्हर आता सुधारलाय आणि मी विसरलोय. कारण छळाचं किंवा कायद्याचं असेल तर नाही म्हणतो आणि का ते सांगतो.

उत्तर नाहीच आलं किंवा पटलं नाही तर खातं हलवा. हलवताना फॉलोअर आपोआप सोबत येतात, तुम्ही फॉलो करत होता त्यांची यादी सीएसव्हीने न्यावी लागते, पोस्ट मात्र जुन्याच सर्व्हरवर राहतात. ब्लॉकमध्ये तुटलेले फॉलोअर या हलवण्यात येणार नाहीत, त्यांना तुम्हीच नव्या खात्यावरून हाक मारायची, म्हणून ती सीएसव्ही. नवा सर्व्हर निवडताना लोक डोमेनचं नाव किती झकास आहे ते बघतात, तुम्ही वेगळं बघा: रजिस्ट्रेशन अर्ज घेऊन आहे का सताड उघडं, मॉडरेटर एकच का दोन-चार, ॲडमिनची शेवटची पोस्ट कधीची, ब्लॉकच्या यादीत कारणं लिहिलीत का, आणि मॅस्टोडॉनच्या सर्व्हर कराराखाली आहे का, त्यात बाकीच्या अटींबरोबर बंद करायचं झालं तर तीन महिने आधी सांगायची अट असते. एकदा हललात की परत हलायला ३० दिवस थांबावं लागतं, तेव्हा ही चौकशी आधी.